भिंगरीची नळी

भुईमूग उपटायचं काम ऐन रंगात आलं होतं, आणि माझी धाकटी जाऊ बांधावर बसून लेकीच्या गळ्यातली नळी पुसत होती. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरेल तर शपथ. तान्ही असताना तिचा घसा आतून आवळला, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून धातूची नळी बसवली. श्वास सगळा तिथूनच. नळी जुनी झाली, बदलायला पाहिजे, हे आम्ही नुसतं म्हणत राहिलो.

जावेनं पुसता पुसता जरा ओढलं, तर बाहेरची चकती तेवढी हातात आली. भिंगरी खोकत सुटली, ओठ निळसर पडले.

"ताई, नळी तुटून आत गेली," जाऊ मला म्हणाली. आवाज इतका शांत की मीच हातातले वेल टाकून धावले.

सासूबाई पोरीला पालथी घालायला धावल्या. जावेनं अडवलं. असं झालं तर बसती ठेवून थेट आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिरानं ट्रॅक्टर काढला. ट्रॉली सोडायलाही सवड नव्हती, आम्ही शेंगांच्या ढिगावर बसूनच निघालो. प्रत्येक खड्ड्याला सासूबाई हवेत, शेंगा आमच्या पदरात, अन् भिंगरीचा श्वास घर्रघर्र चालूच.

दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी आडवा आला. मालाची गाडी आत नेता येत नाही म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या ओंजळीत शेंगा ओतल्या. "बाबा, शेंगा खा, पण वाट सोड."

डॉक्टरीणबाईंनी पोरीला आत नेलं. भूल देऊन, गळ्याच्या भोकातून दुर्बीण घालून, चिमट्यानं तुकडा धरून बाहेर काढला आणि ताटलीत आणून दाखवला. नळी वेळेवर बदलली नाही म्हणून आम्हाला चांगलंच झापलं. आम्ही माना खाली घातल्या, पण सासूबाईंना हसू फुटलं ते आवरेना. मग मला, मग जावेला. दीर तर भिंतीला टेकून हसता हसता रडायलाच लागला.

भिंगरी शुद्धीवर आली, तेव्हा गळ्यात नवी नळी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा वरून थोडा मोकळा झालाय, भोकावर क्षणभर बोट ठेवून बोलून बघ. नळीमुळे वारा घशापर्यंत पोचायचाच नाही, त्यामुळे सहा वर्षांची ही पोर नुसते ओठ हलवून बोलायची, तिचा बोलण्याचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. दीर पुढं झाला. बाबा म्हण, बाबा म्हण, असा घोशा लावला.

तिनं बोट ठेवलं, आमच्याकडं बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गप बसा की सगळे."

आणि आम्ही मोठी माणसं खाटेभोवती गोळा होऊन, पुन्हा एकदा रागाव म्हणून तिची विनवणी करत होतो.