गेणबाचा कणा, नरहरीची कडी

नरहरी गालात हसला की आमच्या वाडीतल्या कोंबड्या अंडी पोटाखाली ओढून घेत. असा तो माणूस. गेणबा त्याचा थोरला चुलत भाऊ, आणि दोघांच्या मध्ये वर्षानुवर्षं एकच गोष्ट उभी होती: भैरोबाची काठी.

आमची वाडी कासार आंबोलीच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. चैत्रात जत्रेला देवाची काठी निघते. काठी म्हणजे म्हाताऱ्यानं टेकायची नव्हे. सगळा उभा बांबू, अंगाला रंगीत फडकी, शेंड्याला मोरपिसं, आणि उंची म्हणाल तर एका साली शेंड्यावर घारीनं घरटं बांधलं. काठी देवळात पोचेस्तोवर पिल्लं उडायला शिकली. हसा तुम्ही. घार हसली नव्हती.

ही काठी हातांनी पेलायची नसते. कमरेला चामड्याचा पट्टा बांधतात, त्याला पुढं वाटीसारखा खळगा असतो, त्यात काठीचं बूड बसवायचं. चौघं चार बाजूंनी दोर धरतात. ओझं सगळं कमरेवर, हात नुसते आधाराला, आणि कणा ताठ. वाडीत ज्याचा कणा सगळ्यात ताठ, काठी त्याची. गेणबाचा कणा असा होता की कुशाबा गवंडी ओळंबा घरी विसरला तर गेणबाला भिंतीशेजारी उभा करून वीट लावायचा. त्या भिंती अजून सरळ आहेत. ओळंब्यानं बांधलेल्या दोन मात्र पडल्या.

म्हणून काठी गेणबाची. ताठपणात दुसरा नरहरी, आणि त्याच्या पोटात आग.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला वाडीच्या खालच्या माळावर पुण्याच्या लोकांचे बंगले उठले. शनिवार-रविवार माणसं, एरवी कुत्री. सगळ्या बंगल्यांची देखरेख नरहरीनं धरली, आणि गवत कापायला माणूस पाहिजे म्हणून तो गेणबाकडं आला.

"दादा, विळ्यानं कुटवर बसतुयास? ग्रास कटर आणलंय. नुसतं धरायचं. गवत आपणहून मान टाकतंय."

मशीन म्हणजे लांब पाइप, मागच्या टोकाला पेट्रोलचं इंजिन, पुढच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. पाइपाला मध्ये एक कडी असते, कडीत पट्टा अडकवायचा आणि तो खांद्यावर घ्यायचा. गेणबानं मशीन उचललं तर शेंडा धप्पदिशी खाली गेला. तो सावरायला वाकावं लागलं, आणि वाकलं की कंबर बोलायला लागली.

"नऱ्या, ही कडी जरा फुडं सरकंल का रं?"

"हात लावू नको, दादा! कंपनीनंच तशी बसवलीया. हलवली की गॅरंटी गेली."

गॅरंटी या शब्दाला आमच्या वाडीत देवाच्या खालोखाल मान. घरोघरी टीव्हीवरचं प्लॅस्टिक तेवढ्यासाठी कुणी काढलेलं नव्हतं. गेणबानं कडीला नमस्कार केला आणि वाकून गवत कापू लागला.

त्या पावसाळ्यात गवत असं माजलं की सकाळी कापलेलं दुपारी मागून येऊन पायाला गुदगुल्या करायचं. गेणबा कापत राहिला आणि वाकत राहिला. दिवाळीपर्यंत असा वाकला की माणसं पायांवरून ओळखू लागला. "कोण, कुशाबा? नख वाढलंय की तुमचं," असं रस्त्यात बोलायचा. आभाळ आलंय का, हे डबक्यात बघून सांगायचा. त्याची बायको साळूबाई रात्री एरंडेल चोळायची आणि म्हणायची, "आवं, सोडा की त्ये मशीन." तो म्हणायचा, "मशीनला काय दोष? वय झालं."

वय झालं असं त्याला खरंच वाटत होतं. सगळ्यात वाईट तेच.

मग एकदा दगड उडून मशीनचं खालचं झाकण फुटलं. ते जोडायला गेणबा घोटावड्याला विश्रामच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. विश्राम आमच्याच वाडीचा, हातानं हुशार आणि तोंडानं फुटका. मशीन बघताच म्हणाला,

"झाकण करतो. मी मारल्याली कडी टिकली ना पर?"

"कंची कडी?"

"ही. नरहरी घिऊन आला व्हता नवीन असताना. म्हनला, मागं इंजिनापाशी वढ आन पक्की वेल्ड कर. मी म्हनलं, आरं, आसं शेंडा जड व्हईल, धरणाऱ्याचा कणा मोडंल. तर हासला. म्हनला, मोडाय पायजे. काठी मग माझ्याकडंच यीती."

एवढं बोलून विश्रामला कळलं की आपण काय बोललो. त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बंद वेल्डिंगकडं टक लावून बसला.

गेणबानं मशीन त्याच्या पुढ्यात सारलं. फक्त म्हणाला, "वेल्ड तोड."

घरी आला तो कुऱ्हाडीचा दांडा शोधत. साळूबाईनं दांडा आधी घेतला, मग हकीगत ऐकली. ऐकून झाल्यावर दांडा परत जागेवर ठेवला.

"ह्येनं हाणलं तर त्याचा कणा मोडंल. मला कणा नगं. नाक पायजे. सगळ्या जत्रंदेखत."

"आन मी?"

"तुमी आदी सरळ व्हा. पर कुणाला दिसू नका."

दुसऱ्या दिवसापासून बंगल्याच्या भिंतीआड गेणबानं मशीनशी नवा संसार मांडला. पाइप एका बोटावर तोलून बघितला, तागडी तोलावी तसा. जिथं इंजिन आणि शेंडा सारखे उतरले तिथं कडी आवळली. पट्टा आखडून घेतला, म्हणजे सरळ उभं राहिलं की दोरी जमिनीपासून जरा वर आपोआप तरंगेल. आणि ओझं खांद्यावर का? साळूबाईनं बैलाची जुनी सापती, म्हणजे जुवाला बांधायचा गळपट्टा, फाडून रुंद पट्टा शिवला, ओझं कमरेवर आणलं. हात नुसते आधाराला. अरे, ही तर काठीच!

मशीन असं हलकं झालं की गेणबा ते अंगावर आहे हेच विसरायचा. एकदा तसाच पिरंगुटला चहा पिऊन आला. चहावाल्यानं विचारलं तेव्हा कळलं. होळीपर्यंत कणा पुन्हा ओळंबा झाला.

पण वाडीत मात्र तो वाकलेलाच. भिंतीच्या आत ताठ, फाटकाच्या बाहेर कमान. कुठं विसरून सरळ चालू लागला तर साळूबाई मागून ओरडायची, "वाका!" लोकांना वाटायचं, झाडाची फांदी आडवी आली असेल. झाड नसलं तरी चार माणसं वाकून जायची.

जत्रेच्या आधी देवळात बैठक बसली. नरहरी डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला. पाणी कुठून आणलं देव जाणे, विहीर तर आटली होती.

"दादाचा कणा गेला. आमाला लई वाईट वाटतंय. पर देवाची सेवा थांबाया नगं. यंदा काठी मी उचलतो."

सगळ्यांनी गेणबाकडं बघितलं. गेणबा जमिनीकडं बघत म्हणाला, "उचल, बाबा. माझा पट्टाबी घी. बापजाद्यांचा हाय."

"दादा, तुझं मन लई मोटं."

"आता मनच ऱ्हायलं मोटं," गेणबा म्हणाला. म्हातारी माणसं गहिवरली.

काठी देवाची, पण पट्टा गेणबाच्या घरचा. साळूबाईनं तो रात्रभर मांडीवर घेतला. खळगा वीतभर खाली उतरवला, आतून चामड्याची घडी घालून तोंड पुढं कलवलं, आणि वरून असा टाका घातला की शिंप्यालाही उलगडू नये.

इथं आमच्या वाडीचा एक नेम सांगितला पाहिजे. काठी झुकते ती फक्त देवळाच्या पायरीपाशी. वाटेत कुणाच्या दारात झुकली तर उचलणाऱ्यानं त्या घराचं थोरपण कबूल केलं, असं धरतात. शिवाय त्या दारातून ओवाळणी झाल्याशिवाय काठी पुढं जात नाही. म्हणून उचलणारा जीव गेला तरी काठी उभी ठेवतो.

जत्रेच्या सकाळी हलगी कडाडली, नरहरीनं मिशीला तूप लावलं, पट्टा बांधला आणि काठीचं बूड खळग्यात बसवलं. काठी उभी राहिली, आणि लगेच पुढं निघाली. म्हणजे नरहरी जागेवर, काठी पुढं. ती मागं ओढायला तो वाकला. वाकला तशी ती आणखी झुकली. दोरवाल्यांनी दोर ताणले म्हणून पडली नाही, पण कुशाबाच्या गोठ्यापाशी शेंडा असा खाली आला की मोरपिसं म्हशीच्या नाकाला लागली.

"झुकली!" गर्दी ओरडली. "म्हशीफुडं झुकली!"

आता नेम तो नेम. कुशाबाच्या सुनेनं आरती आणून म्हशीला ओवाळलं.

"नरहरी, म्हस थोरली का रं तुज्यापरीस?" कुणीतरी विचारलं.

"दोर वढा, दोर!" नरहरी बोंबलला.

पुढं पिठाच्या गिरणीपाशी झुकली. गिरणीच्या पट्ट्याला ओवाळलं. मग बंगल्यांच्या वाटेवर चंद्रकांत साहेबांच्या फाटकापाशी झुकली. आत साखळीला बांधलेला कुत्रा होता, त्यानं मोरपीस हुंगलं आणि शेपटी हलवली. चंद्रकांत साहेब बँकेत नोकरीला, मूळचे साताऱ्याकडचे, भाविक माणूस. ते हात जोडून म्हणाले, "आमच्या टायगरला एवढा मान! नरहरी, तुम्ही फार मोठे आहात हो." बाईंनी टायगरला कुंकू लावलं. तो कुत्रा त्या दिवसापासून हाडाला तोंड लावीना, नैवेद्य मागायचा.

नरहरी आता इतका वाकला होता की त्याला फक्त पाय दिसत होते. पाय मोजत, घाम गाळत तो पुढं सरकत होता. आणि शेवटी त्याला एका उंबऱ्यावर दोन पाय दिसले. कोल्हापुरी वहाणा, त्यावर पांढरंशुभ्र धोतर. काठी झुकत झुकत थेट त्या वहाणांपाशी टेकली.

हलगी थांबली. नरहरीनं मान वळवून वर बघितलं. बघतच राहिला, कारण गेणबा संपता संपेना. धोतर, सदरा, उपरणं, फेटा, आणि सगळं एका रेषेत.

"दादा... तू सरळ?"

"व्हय," गेणबा म्हणाला. "आन तू रं?"

साळूबाई आरती घेऊन पुढं झाली. नवऱ्याला ओवाळलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इश्रामभावजी, तुमी दोर धरलाय न्हवं? मग हितंच सांगा. मशीनची कडी कुनी वेल्ड कराया लावली, आन का?"

विश्रामनं दोर धरला होता, आणि दोर सोडला तर काठी पडणार. पळायला वाव नव्हता. त्यानं सगळं सांगितलं, नरहरीच्या हसण्यासकट.

गर्दीतून आवाज निघाला तो हलगीपेक्षा मोठा. नरहरीची बायको डोक्यावरचा पदर पुढं ओढून घराकडं निघून गेली. देवळाचे पुजारी पुढं आले, नरहरीच्या कमरेचा पट्टा त्यांनी स्वतः सोडला. साळूबाईनं एकच दोरा ओढला आणि खळगा जागेवर आला. गेणबानं काठी घेतली. ती अशी उभी राहिली की दोरवाल्यांनी दोर सोडून टाळ्या वाजवल्या.

नरहरी मात्र तसाच राहिला. काठी गेली तरी पाठ वाकलेलीच.

गेणबानं गवताचं काम सोडलं. मशीन नरहरीच्या दारात नेऊन ठेवताना कडी इंजिनापाशी सारून दिली, होती तिथंच. वेल्ड नव्हता, पण सुटी कडी नेमकी कुठं आवळायची हे नरहरीला थोडंच ठाऊक? वाडीतला कुणी कामाला येईना. पावसाळ्यात चंद्रकांत साहेबांचा टायगर गवतात हरवला, तेव्हा नरहरीला स्वतः मशीन उचलावं लागलं. पहिल्याच दिवशी अख्खी वाडी बंगल्याच्या भिंतीवर बसून बघत होती. आठवड्याभरात तो मान टाकून गेणबाच्या दारात आला.

"दादा, चुकलो. पर हाय त्यो कणाबी जातोय. कसं धरायचं त्ये सांग."

"सांगतो की. भाऊ हायस. पर समदं एकदम डोस्क्यात ऱ्हायचं न्हाई तुझ्या. दर शनवारी यीत जा."

पहिल्या शनिवारी गेणबानं सांगितलं, "पायांत बूट घाल." एवढंच. दुसऱ्या शनिवारी सांगितलं, "टाकी अर्धीच भर. ती संपली की तूबी थांब, पाठ भिंतीला टेकव." तिसऱ्या शनिवारी सांगितलं, "हातानं वढू नको. दोन्ही पायांवर डुल, कंबर वळव." दर वेळी ऐकायला ओट्यावर आम्ही बसलेलो, आणि दर वेळी नरहरीला तोच प्रश्न सगळ्यांदेखत विचारावा लागायचा. साळूबाई त्याचा चहा खालच्या पायरीवर ठेवायची. वर धरला असता तर त्याला दिसला नसता.

चौथ्या शनिवारी तो म्हणाला, "समदं केलं, दादा. तरी शेंडा जडच हाय. ती कडी कुटं बसवायची, त्ये सांग."

"त्ये सांगंल, जत्रा झाली की."

"कंची जत्रा? जत्रा झाली की चैतात."

"फुडची," गेणबा म्हणाला. "कसं हाय, नऱ्या, कडी बसली का कणा सरळ व्हतो. आन सरळ कण्याची मानसं काठी मागाया येत्यात."

नरहरीनं ओट्यावरच्या सगळ्यांच्या पायांकडं एकदा बघितलं. कुणाचा पाय हलला नाही. मग त्यानं मशीन खांद्याला लावलं आणि तो गवताकडं निघाला.