जोव्हेलीनचं वजन

“उतर. चपला काढ आणि पुन्हा चढ,” औरोरा म्हणाली.

जोव्हेलीन पुन्हा चढली. काटा पुन्हा तिथेच गेला. दुसरीतली मुलगी, गालफडं बसलेली, हात शेवग्याच्या शेंगांसारखे. आणि वजन चौथीतल्या धडधाकट मुलाएवढं. औरोराने तिचे खिसे चाचपले. रिकामे होते.

सामार बेटाच्या या किनाऱ्यावर औरोरा कित्येक वर्षं शाळाशाळांतून मुलांची वजनं घेत हिंडत होती. वजन कमी भरेल त्याला दुपारची पेज मिळे. तिने स्वतः चढून पाहिलं. काटा ठीक होता. तिने जोव्हेलीनला पुन्हा वर उभं केलं.

“मग हिला पेज नाही, माना,” बेनितो सर म्हणाले. औरोराला सगळे माना, म्हणजे ताईच म्हणत. “वरचे लोक वजनच बघतात.”

औरोराने रांगेकडे पाहिलं. जोव्हेलीनच्या मागे एका मुलाएवढी जागा मोकळी होती.

“रोवेना, पुढे सरक की.”

“कुठे सरकू? तिथे बाल्दो आहे ना.”

कुणी हसलं नाही. सर खिडकीबाहेर बघू लागले. बाल्दो जोव्हेलीनचा धाकटा भाऊ. गेल्या वादळात समुद्र गावात शिरला, तेव्हा तो गेला. सापडला नाही.

औरोरा गुडघ्यांवर बसली. “जेवतेस ना गं?”

“अर्धं. अर्धं त्याचं. लोला दोन ताटल्या मांडते.”

“आजीनेच सांगितलं?”

“नाही. मी मागते.” जोव्हेलीनची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. “आई म्हणाली होती, काही झालं तरी त्याचा हात सोडू नकोस. मी सोडला नाही, माना.”

औरोराने तिच्या दंडाला फीत गुंडाळली. खूण लाल, म्हणजे उपासमारीच्या पट्ट्यात गेली. फीत सोडवताना तिच्या मनगटाला काहीतरी गार, ओलं लागलं. तिने हात मागे घेतला नाही.

“बाल्दो,” ती त्या मिटलेल्या मुठीकडे बघून हळूच म्हणाली, “खाली उतर रे बाळा. बहिणीला पोटभर जेवू दे. तिने तुला कधीच सोडलं नाही, मी बघितलंय.”

मग जोव्हेलीनची मूठ एकेक बोट करत उघडली, आणि काटा खाली घसरू लागला. तो थांबला तेव्हा सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“पेज द्या तिला,” ते म्हणाले.

जोव्हेलीनने सगळी पेज संपवली. खाताना ती रडत होती, पण चमचा थांबला नाही.

संध्याकाळी औरोरा किनाऱ्याच्या वाटेने निघाली. थोडं चालल्यावर तिच्या बोटांत गार, इवलीशी बोटं शिरली. तिने खाली पाहिलं नाही. स्वतःच्या घराचा फाटा आला, तो तिने मागे टाकला आणि चर्चमागच्या दफनभूमीकडे वळली. वादळात गेलेली माणसं तिथे पुरलेली होती, बाल्दोची आईसुद्धा.

“दमलास तर सांग,” ती म्हणाली, आणि लहान पावलांना झेपेल इतकं सावकाश चालू लागली.