शेवंतीच्या खोलीतली ओल

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. तिला एकही खिडकी नाही. छताला मोठे पिवळे दिवे, खाली मांडण्यांवर चारशे कुंड्या आणि प्रत्येक कुंडीत पांढरी शेवंती, कळ्यांनी भरलेली. बाहेर अमिरातीतल्या अल ऐनचं वाळवंट, आणि आत शेवंती!

आता दिवे मालवा. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, म्हणून या खोलीत संध्याकाळी सहालाच अंधार करतात. झाडं पानांतून पाणी सोडत असतात. दिवे असताना हवा गरम असते, ती ते पाणी पोटात ठेवते. दिवे गेले की हवा गार होते, आणि गार हवेच्या पोटात तेवढं पाणी मावत नाही. मग ते कळ्यांच्या घट्ट पाकळ्यांत जाऊन बसतं. तिथे ओल राहिली की राखाडी बुरशी येते आणि कळी आतूनच कुजते.

म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र होतं. ओढलेलं पाणी खालच्या बादलीत पडे. बादली भरली की यंत्र आपोआप थांबे, नाहीतर पाणी जमिनीवर सांडलं असतं. त्यामुळे बादली वेळेवर ओतणं फार महत्त्वाचं. ते काम गणूचं होतं, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा.

गणू संगमेश्वरकडचा. घरच्यांना गावी ठेवून तो त्या नर्सरीत एकटाच राहायचा. त्याची मुलगी अकरा महिन्यांची झाली होती आणि त्याने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. फेब्रुवारीत त्याला सुट्टी मिळणार होती.

नर्सरीच्या अरब मालकांना सगळे अरबाब म्हणत. सुपरवायझर होते खैरुद्दीन, रत्नागिरीचे. ते मागच्या दोन खोल्यांत बायको मैमुनाबी आणि दहा वर्षांची हाफिजा यांच्यासह राहत. शाळेतून आली की हाफिजा गणूमामाच्या मागे मागे फिरे. भिंतीवरच्या काट्याने हवेतली ओल कशी वाचायची, ते त्यानेच तिला शिकवलं होतं.

"पन्नासवर काटा म्हणजे शेवंती खूश. सत्तरच्या वर गेला की?"

"डेंजर!"

"शाब्बास. आणि हे बघ," यंत्रामागच्या दोरीवरची बनियन काढत तो म्हणाला, "गावाला आषाढात चार दिवस कपडा सुकत नाही. इथे तासाभरात पापड! अब्बांना सांगू नकोस हां, मला सोलतील."

ही जानेवारी १९९४ ची गोष्ट. एका मंगळवारी अम्मी-अब्बा शारजाला अल नहदात हव्वाबी खालाकडे गेले, बुधवारी रात्री परतणार होते. हाफिजाची परीक्षा होती, म्हणून ती शेजारच्या वीणाकाकूंच्या भरवशावर मागे राहिली. दुपारी तिच्या हातून लाल सरबताचा अख्खा जग गोधडीवर सांडला. गोधडी नानीने शिवलेली, अम्मीचा जीव की प्राण.

हाफिजाने ती टबात धुतली. डाग गेला, पण गोधडीने इतकं पाणी प्यायलं की ती पिळवेना. बाहेर वाळत घातली तर वीणाकाकू बघणार. तेव्हा तिला गणूमामाची बनियन आठवली. संध्याकाळी गणू बादली ओतून गेल्यावर तिने गोधडी ओढत ओढत त्या खोलीत नेली आणि मागच्या काळ्या पडद्याआड पाइपवर टाकली.

सकाळी ती शाळेत जाताना गणू दारात डोकं खाजवत उभा होता. "काल रिकामी केलेली बादली काठोकाठ! यंत्र बंद, काटा अठ्ठ्याऐंशीवर! रोज अर्धी भरते गं. भूत बीत आलं काय पाणी ओतायला?"

"आय डोन्ट नो," हाफिजा म्हणाली आणि बसकडे पळाली. दुपारी तिने सुकलेली गोधडी काढून घडी घातली. अम्मीला काहीच कळलं नाही.

सहाव्या दिवशी कळ्यांवर राखाडी लव दिसली. मागच्या मांडणीवर आधी, मग सगळीकडे. त्या कुंड्या एका लग्नासाठी ठरलेल्या होत्या.

खैरुद्दीन गणूवर बरसले. "बादली ओतायला विसरलास ना? खरं बोल."

"नाही खैरुभाई, ओतली होती. मुलीची शपथ."

"रिकामी बादली एका रात्रीत भरते? मला शिकवतोस? अरबाब उद्या येतायत. सुट्टी खलास समज."

गणूने दारात उभ्या हाफिजाकडे पाहिलं. "हाफू, तू तर रोज बघतेस मला. सांग ना अब्बांना."

"मी... मी त्या दिवशी अभ्यास करत होते," ती म्हणाली.

गणू मांडणीकडे वळला. तो सडक्या कळ्या एकेक करून खुडायला लागला, अलगद, न झटकता, कारण झटकलं की बुरशीची धूळ उडून दुसऱ्या कळीवर बसते. प्रत्येक कळी तो पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड मिटायचा. "तू लांब उभी राहा," तो हाफिजाला म्हणाला. "छातीत जाईल."

मग तो गुडघ्यांवर बसून पाइप चाचपायला लागला. भिंतीला हात लावून बघायचा, फटींत बोट घालायचा. "पाणी कुठून तरी आलंच असणार. गळती सापडली की मी सुटलो." तासाभराने तो वरचा पाइपही पुसत होता, त्याच पाइपवर तिने गोधडी टाकली होती. नसलेली गळती तो दिवसभर शोधत राहिला.

रात्री हाफिजाने जेवण टाकलं. "पोटात दुखतंय का?" अम्मीने विचारलं. तिने मान हलवली आणि रडत सगळं सांगून टाकलं. अम्मी गोधडीकडे बघत राहिली. अब्बांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अरबाबला कळलं की माझ्या घरातलं माणूस खोलीत शिरलं होतं, तर ही जागा जाईल आपली. तुझी शाळाही. झोप आता. मी बघतो."

"म्हणजे तुम्ही सांगणार ना, अब्बा?"

"झोप म्हणालो ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी अरबाब आले. हिंदी ते कामगारांशी बोलून बोलूनच शिकले होते. त्यांनी कुजलेल्या कळ्या पाहिल्या, मग ऑफिसात बसून कहवा मागवला. गणू हात बांधून उभा. हाफिजा बाहेर खिडकीशी होती.

"खैरुद्दीन, गलती किसकी?"

अब्बांनी टेबलावरचा पेपर सरळ केला. मग परत सरळ केला. "बादली, अरबाब... भर गई थी," एवढंच ते म्हणाले.

अरबाब गणूकडे वळले. "हबीबी, फेब्रुवारी छुट्टी खलास. अगले साल, इन्शाल्ला."

गणूने मान खाली घातली. त्याने एकदा शर्टाच्या खिशावर हात ठेवला, फोटो असायचा तिथे, आणि जायला निघाला.

हाफिजाने दार ढकललं. आत जाऊन ती अब्बांच्या खुर्चीला वळसा घालून सरळ अरबाबसमोर उभी राहिली. अब्बा "हाफिजा!" म्हणाले, तरी तिने मागे पाहिलं नाही. "गणूमामाने बादली खाली की थी," ती म्हणाली. "पानी मैं लाई थी. और अब्बा को भी मालूम है."