डोंगरात गेलेली ‘ट्रान्स’ची पट्टी

मी ‘ट्रान्स’ची पट्टी बोलतेय. हसू नका. जन्म बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून झाला असला, तरी माझ्या अंगावरचा शब्द थेट लॅटिनमधून इंग्रजीत आलेला आहे. अर्थ ‘पार’, ‘पलीकडे’.

१९९७ साली ओतूरच्या एका शाळेत वृषालीबाईंनी मला कातरलं आणि निळ्या शाईने लिहिलं. बाईंची शिकवायची तऱ्हाच न्यारी. एकीने मला धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी ‘पोर्ट’, ‘फॉर्म’, ‘प्लांट’ अशा पट्ट्या घेऊन एकेक करून शेजारी यायचं. पोर्ट म्हणजे वाहून नेणं, म्हणून ट्रान्सपोर्ट म्हणजे इकडचं तिकडे नेणं. फॉर्म म्हणजे रूप, म्हणून ट्रान्सफॉर्म म्हणजे रूप पालटणं. लगेच पोरं ओरडायची, “म्हंजी डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर त्योच का बाई?” माझा रुबाब होता, खोटं कशाला बोलू?

मला धरायचा मान बहुतेक वेळा रत्नाचा. ती डोंगरातली, सातवीतली, वसतिगृहात राहणारी. जुलैत तिचा बाप भागू तिला न्यायला आला. घरी भाताची आवणी होती, रोपं लावायला हात कमी पडत होते. आवणीला गेलेल्या मुली पुष्कळदा परत येत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी मला रत्नाच्या पिशवीत घातलं.

“पट्टी शाळेची आहे गं. तुझ्याच हाताने परत आणायची,” म्हणाल्या.

पंधरा दिवस रत्नाने खाचरात चिखल तुडवला. आवणी उरकत आली. दुपारी बांधावर भाकर खाताना भागूने मला रत्नाच्या पिशवीतून डोकावताना पाहिलं. “ह्ये काय लिवलंय?”

रत्नाने सांगितलं. प्लांट म्हणजे लावणं, ट्रान्सप्लांट म्हणजे एका जागचं रोप काढून दुसऱ्या जागी लावणं.

“आँ? म्हंजी आवणीच की!” भागू खदखदून हसला. “इंग्रजीतबी आवणी हाय व्हय!”

रत्नाची आई सखूबाई मात्र हसली नाही. “पोर लई वाळलीय तिकडं. आता नगं धाडू.”

भागूने शेजारची रोपांची जुडी उचलली. “वाफ्यातच ठिवलं तर दाटीनं पिवळं पडतंय. उपटल्यावर चार दिस मान टाकतंय, मंग धरतंय.” मग हळूच म्हणाला, “उद्याच्या यष्टीनं जाऊ दे तिला.”

सखूबाईने पदर डोळ्यांना लावला. पण पहाटे तिनेच भाकऱ्या बांधून दिल्या.

एसटीच्या दारात रत्नाने मला बापाच्या हातात दिलं. “बा, ही ऱ्हाऊ दे घरी. बाईंना पट्टी न्हाय, मी पायजे व्हते.”

तेव्हापासून मी कुडाच्या भिंतीत खोचलेली आहे. धुराने काळवंडले, एक कोपरा उंदराने खाल्ला. रत्ना मंचरच्या दवाखान्यात नर्स आहे. माझं एवढंच मागणं, घर सारवायला घ्याल तेव्हा मला चुलीत घालू नका. भागूला वाचता येत नाही. पण खाचरातून आला की तो माझ्यावरून बोट फिरवतो आणि सखूबाईला विचारतो, “पोरीचा फोन आल्ता का गं?”