मखमलीतला खळगा

पुतळाबाईचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि तापायला कारणही तसंच होतं. आज नातवाची, भूपेशची हळद. अंजूरच्या घरापुढं मांडव पडलेला, भिंतीएवढे डीजेचे खोके लागलेले, मटणाचे टोप चढलेले. आणि तिचे दोन मुलगे भांडत होते कशावरून, तर कपाटातल्या रिव्हॉल्वरवरून. नवरामुलगा राहिला बाजूला.

रिव्हॉल्वर होतं मात्र बघत राहावं असं. सासऱ्यांनी कुठल्याशा गिरणीमालकाकडून घेतलेलं जुनं विलायती काम. सागवानी पेटी, आत हिरवी मखमल, मखमलीत बरोबर त्याच्या आकाराचा खळगा आणि खळग्यात ते निळसर काळं पोलाद. आजवर त्यातून एक गोळी सुटली नव्हती. नवरा, केसरीनाथ, दसऱ्याला ते बाहेर काढी, मलमलीच्या फडक्यानं पुशी, आणि पूजेचं कुंकूसुद्धा पेटीला लावी, पोलादाला नाही. डाग पडेल म्हणून! एका दसऱ्याला पुतळाबाईनं ओल्या हातानं ते उचललं, तर भरल्या घरात त्यानं तिच्या थोबाडीत दिली होती. पुढं गावातली माणसं यायची, एक ओरखडा नाही म्हणून कौतुक करायची, आणि ती आत चहा गाळत आपला गाल चोळायची.

केसरीनाथ गेला. थोरल्या प्रितेशवर मारामारीची केस, धाकट्या हितेशला पोलीस ठाण्याचे खेटे नकोत, म्हणून परवाना आला पुतळाबाईच्या नावावर. कपाटाची चावी तिच्या कमरेला. पण हत्याराचं काय करायचं, हे तिला कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"आये, चावी दे," प्रितेश म्हणाला. गळ्यातल्या साखळ्या सारख्या करत तो दारात उभा होता. "हलद लागली का सगलं बार काढतो. वडप्याच्या हलदीत काढलं, राहनाळच्या हलदीत काढलं. आपल्या घरात खरी चीज असून आपन काय फटाके फोडायचं?"

"डोकं फिरलंय काय तुजं?" हितेश मागून आला. "एक बार काढलास का तिची किंमत गेली. मुंबैचा तो शौकीन मानूस न चालवलेलीच मागतोय. आये, तू फक्त सही कर. मी तिला तशीच्या तशी जपून ठेवतो."

पुतळाबाई मांडवात बघत होती. तिथं ठमाबाई बसली होती, धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी चालवायचा मान तिचा. दोन वर्षांमागं वडप्याच्या एका हळदीत कुणा शहाण्यानं तिच्या डोक्याशेजारीच हात वर करून बार काढला होता. उजवा कान त्या दिवसापासून मेला. तक्रार कोण करणार? घरचीच माणसं! कानात कापूस घालत जा, म्हणाले. आता धवला म्हणताना तिचा सूर घसरतो, ओळ मध्येच सुटते, आणि पोरीबाळी पदराआड हसतात. पुतळाबाईला त्या हसण्याची मनस्वी चीड यायची.

"आनि पोलीस आले तर?" तिनं विचारलं.

प्रितेश हसला. "आले तर सांगू, आयेच्या नावावर हाय, आयेनंच काढला. नातवाची हलद, खुशीत काढला बार. म्हातारीला कोन आत टाकतंय?"

तो सहज म्हणाला, दूधवाल्याला उद्या ये सांगावं इतकं सहज. पुतळाबाईनं हितेशकडं पाहिलं. निदान हा तरी भावाची गचांडी धरील, असं तिला वाटलं.

"अरे पन केस झाली का हत्यार जप्त व्हतं," हितेश ओरडला. "कलतंय का तुला? आख्खं हत्यार हातचं जाईल!"

पुतळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ-नऊ महिने पोटात वागवलेली ही पोरं! एकाला आईला तुरुंगात पाठवायला हरकत नव्हती, आणि दुसऱ्याला काळजी फक्त लोखंडाची.

"जा दोघंपन," ती म्हणाली. "संध्याकाली पेटी देते."

दोघंही खूश होऊन गेले. दोघांनाही वाटलं, आईनं आपलंच ऐकलं.

तिनं दार लावून घेतलं आणि कपाट उघडलं. हात हळदीनं माखलेले होते. तसेच, न पुसता तिनं रिव्हॉल्वर उचललं. जड होतं, थंड होतं, आणि खोटं कशाला बोला, देखणं होतं. मागं खाडीवर जावं आणि सगळ्या गोळ्या चिखलात झाडाव्यात, केसरीनाथच्या त्या जपणुकीचा एकदाचा सत्यानाश करावा, असं तिला फार वाटलं. मग वाटलं, एवढी सुंदर वस्तू, राहू दे की तशीच. पण चालवलं तर प्रितेशचं ऐकल्यासारखं, ठेवलं तर हितेशचं. आणि ठेवलं म्हणजे पुढच्या हळदीला पुन्हा हेच. पोलादावर तिच्या पिवळ्या बोटांचे ठसे उठले होते. ते तिनं तसेच ठेवले, पेटी आणि काडतुसं बाजाराच्या पिशवीत घातली, वर दोन नारळ ठेवले आणि मागच्या दारानं निघाली.

रिक्षा कंटेनरांच्या रांगेत अडकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. ती मात्र मांडीवरची पिशवी घट्ट धरून दोन्ही पोरांना मनातल्या मनात शिव्या घालत होती.

पोलीस ठाण्यातला हवालदार ओळखीचा होता. दर निवडणुकीला परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, तेव्हा हीच येऊन द्यायची.

"आजी, आता कुठली निवडणूक?"

"निवडनूक न्हाय. कायमचं घ्या. परवानापन नको."

हवालदारानं पेटी उघडली आणि त्याचा आवाजच खाली आला. "अहो, नवंकोरं आहे हे! असं आता बघायला मिळत नाही. हे सरकारजमा झालं की एक दिवस भट्टीत जाईल, आजी. निदान हत्यारांच्या दुकानदाराला विका."

"इकलं का ते कोनाच्या तरी हलदीत वाजनार. जाऊ दे भट्टीत."

"आणि हे पिवळं काय लागलंय?"

"हलद लागलीय त्याला," पुतळाबाई म्हणाली. अर्जावर तिनं सही केली. पेटी काही हत्यार नव्हे, म्हणून हवालदारानं ती परत दिली.

संध्याकाळी भूपेशला हळद लागली. डीजे थांबला. प्रितेश खुर्चीवर चढला, पोरांचे मोबाइल वर झाले. पुतळाबाईनं गर्दीतून वाट काढली आणि पेटी त्याच्या हातात दिली. हितेश अडवायला धावत आला, पण तोवर झाकण उघडलं होतं.

हिरवी मखमल आणि रिकामा खळगा.

मांडवात सगळे बघत होते. गावाला आवाज ऐकवायला निघालेला प्रितेश खुर्चीवरून उतरला, आईच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, "आये, कुठं हाय?"

"मोठ्यानं इचार," पुतळाबाई म्हणाली. "ठमाबाईला ऐकू गेलं पायजे."

हितेश पेटी हिसकावून घेऊन मखमलीखाली बोटं घालून बघत होता. पुतळाबाई जाऊन ठमाबाईच्या डाव्या कानाशी बसली आणि धवल्याची पहिली ओळ तिनं खणखणीत आवाजात धरून दिली.