मंजुषा सांगत नाई

मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेकाठच्या गावात भैयाजीची सारी हयात मासे धरण्यात गेली. त्याची मुलगी मंजुषा मात्र मानसशास्त्र शिकली आणि तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक झाली. ती नेमकं काय करते हे भैयाजीला लोकांना समजावता येत नसे. तरी तिचं नाव काढलं की त्याचा आवाज चढायचा.

गावातल्या गोकुळेचा नवरा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं त्याला मारलं. तेव्हापासून गोकुळेनं बोलणंच टाकलं होतं. गावच्या आशा सेविका तिला मंजुषाकडे घेऊन आल्या. आपल्याच गावच्या बाईला बघावं की नाही, मंजुषाला शंका होती. तिनं गोकुळेचं नाव न घेता नागपूरच्या तिच्या मार्गदर्शक रुपालीताईंना विचारलं.

"जवळ दुसरं कुणी नसेल तर तुझ्याकडे यायला चालेल का, हे तिलाच विचार," त्या म्हणाल्या. "आणि खोलीतलं गावात न्यायचं नाही."

"गोकुळाबाई," मंजुषा म्हणाली, "तुमच्या जिवाले धोका दिसला तरच मी कोणाले सांगीन, अन् तेही तुम्हाले सांगून. बाकी सारं माझ्यापाशीच राहीन. चालते का?"

गोकुळेनं मान हलवली.

एका रविवारी गोकुळेचा भासरा, म्हणजे थोरला दीर, सुरेंद्र मंजुषाच्या घरी आला. तो भैयाजीचा जाळ्यावरचा जोडीदार; दोघं एकाच होडीतून मासे धरत.

"माही भावसून तुह्याकडं येते. काय सांगून राह्यली? आमच्याबद्दल बोलते का?"

"काकाजी, कोण येते, कोण नाई, तेही मी सांगत नाई."

"मी का परका हाव?"

"सांगून टाक न बाई," भैयाजी मधे पडला. "सुरेंद्र घरचाच माणूस."

"बाबा, तुम्हाले विचारलं तरी हेच."

सुरेंद्र चहा तसाच ठेवून उठला. दुसऱ्या दिवसापासून तो भैयाजीच्या डोंग्यात बसेना. जाळं एकट्याला ओढवेना, आणि भैयाजी पोरीशी धड बोलेना. मंजुषाला ते लागलं, पण ती बधली नाही.

सुरेंद्र मात्र पानठेल्यावर, घाटावर, भेटेल त्याला सांगत सुटला, "भैयाजीच्या पोरीच्या तोंडातून एक शब्द निघत नाई! सख्ख्या बापाले सांगत नाई!"

लोकांनी ते वेगळंच ऐकलं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया दवाखान्यात येऊ लागल्या. घाटावर सोनीबाईनं भैयाजीला हळूच विचारलं, "भाऊ, तुमची पोरगी खरंच कोणाले सांगत नाई?"

भैयाजीनं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग छाती काढून म्हणाला, "मलेच सांगत नाई, तं दुसऱ्याले काय सांगन!"

त्या दिवशी तो पोरीशेजारी जेवायला बसला आणि आपल्या ताटातला झिंगा तिच्या ताटात टाकला.

पावसाळा सरता सरता सुरेंद्र स्वतःच दवाखान्याच्या दारात उभा राहिला. मंजुषानं त्याला बसवलं, पाणी दिलं.

"भावाले मीच उचलून आणलं, मंजुषा. डोळे मिटले का तेच दिसते. घरात कोणाले सांगता येत नाई. तुले सांगू?"

ऐकून घ्यावं असं तिला फार वाटलं. पण एकाच घरातल्या दोघांचं दुःख एकाच खोलीत ठेवणं बरोबर नव्हतं.

"काकाजी, तुम्ही आमच्या घरच्यासारखे, म्हणून मी नाई ऐकू शकत. चंद्रपूरले प्रफुल सर हायेत, माझ्याएवढंच शिकलेले. तुम्ही हो म्हणत असाल तं आत्ताच फोन लावते."

"तेही कोणाले सांगत नाईत?"

"मलेही सांगणार नाईत."

सुरेंद्र डोळे पुसता पुसता हसला. "मंग लाव."

काही महिन्यांनी सुरेंद्र पुन्हा डोंग्यात बसू लागला. कशामुळे, ते भैयाजीनं विचारलं नाही. त्याच सुमारास गोकुळा मासोळीची टोपली घेऊन आठवडी बाजारात बसली. एक गिऱ्हाईक भाव पाडू लागलं, तशी ती कडाडली, "न्यायची तं ने, नाई तं ठेव खाली!"

पलीकडं भैयाजी मासे कापत होता. त्याचा विळा थांबला. तो सुरेंद्रकडे वळला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाह्यलं का? हे माह्या पोरीचं काम हाये!"

"तुले कोणं सांगितलं?" सुरेंद्र म्हणाला.

"कोणीच नाई," भैयाजी म्हणाला, आणि हसतच पुढची मासोळी उचलली.