नावावर एक बंदूक

आंबोली घाट उतरल्यावर नाकाबंदीत माझी गाडी थांबवली, आणि मी डिकी उघडली तेव्हा आत आमची काजूची बाग होती. सगळी बाग, वरच्या बांधापासून खालच्या ओहोळापर्यंत. झाडांना मोहोर आला होता.

त्याआधी एवढंच झालं होतं की ड्यूटीवरच्या हवालदार पेडणेकरबाईंनी माझं लायसन मागितलं, हातातल्या यंत्रासमोर धरलं आणि विचारलं, "काकू, नावावर बंदूक आहे?"

"नाही."

"यंत्र आहे म्हणतंय."

"मी कोल्हापुरात शाळेत संस्कृत शिकवायचे. माझ्या नावावर बंदूक कशी असेल?"

"कुंदा वासुदेव गवस. तुम्हीच ना?"

लायसनवर कुंदा चौगुले आहे. माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. पण इतक्या वर्षांत माहेरच्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती, म्हणून मी हो म्हणाले.

"मग डिकी उघडा."

सकाळी निघताना मी डिकीत एक बॅग आणि भाचीच्या बाळासाठी शिवलेलं झबलं ठेवलं होतं. झबलं आता एका फांदीवर लटकत होतं. पेडणेकरबाई वाकून आत शिरल्या. मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. मीही त्यांच्यामागून शिरले.

आत सकाळ होती आणि वारा ओळखीचा होता.

माझ्या वडिलांना, आबांना, बागेच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना होता. एकनळी, ठासणीची बंदूक. डुकरं आली की ते आभाळाकडे नळी करून बार काढायचे. डुकरांनाही ते ठाऊक असावं, कारण ती पळत नसत, रमतगमत निघून जात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आबा ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळत आणि एसटीत खिडकीजवळ बसवत. ती परत येईपर्यंत भिंतीवरचा खिळा मोकळा राही आणि आम्ही भावंडं त्याच्याखाली हळू आवाजात बोलत असू. निकाल लागला की आबा बंदूक घेऊन येत, सोबत खाज्याचा पुडा. मग घरभर खोबरेल तेलाचा आणि बंदुकीच्या दारूचा वास सुटे. घरातलं माणूस परत आल्यासारखं वाटे.

आबा गेले तेव्हाही निवडणूकच होती आणि बंदूक ठाण्यात होती. वारस म्हणून मला कागद आला. "बंदूक नको" असं लिहून मी सही केली. माझी मुलं तेव्हा लहान होती.

मांगराच्या, म्हणजे बागेतल्या राखणीच्या खोपीच्या, पायरीवर आबा बसले होते, बंदूक मांडीवर आडवी. ते माझ्या लहानपणीसारखे पंचेचाळीस वर्षांचे होते. मी एकसष्टची. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"इलंस? उशीर केलंस गे बाय."

"आबा, तुम्ही अजून इथेच?"

"बंदूक कोणाच्या हातात देऊ? कोण इलाच नाय."

"पण मी तर नको म्हणून लिहून दिलं होतं."

"तू नको म्हटलंस, म्हणान ती माझ्याकडे परत इली."

पेडणेकरबाईंनी यंत्र पाहिलं. "परवाना मयताच्या नावावर होता. बंदूक जप्त करावी लागेल."

"घेवा," आबा म्हणाले आणि त्यांनी ती उचलून दिली.

बाई बंदूक घेऊन रस्त्याच्या दिशेनं एक पाऊल चालल्या. वरच्या बांधाकडची झाडांची एक रांग नाहीशी झाली. दुसरं पाऊल टाकलं तेव्हा दुसरी रांग गेली आणि बांध आमच्या अंगावर आला. मांगराची भिंत माझ्या खांद्याला टेकली. बाई थांबल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, परत आल्या आणि बंदूक जिथून घेतली तिथे ठेवली. गेलेली झाडं मात्र आली नाहीत.

"असं मला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "काकू, यंत्रानं ती तुमच्या नावावर केलीच आहे. फक्त ताबा बाकी आहे."

आबांनी बंदुकीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "माका तुझा घर बघूचा होता."

मी त्यांना दोनदा पत्र लिहून बोलावलं होतं. एकदा थोरला झाला तेव्हा, एकदा वास्तुशांतीला. दोन्ही वेळा उत्तर आलं: डुकरांचा उपद्रव आहे, बाग सोडता येत नाही. मला ती सबब वाटली. दुसऱ्या पत्रानंतर मी दोन वर्षं गावी गेले नाही, आणि त्यातल्या दुसऱ्या वर्षी ते गेले. आता मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायरीखालची माती त्यांच्या घोट्यांपर्यंत चढली होती आणि तिच्यावर गवत उगवलं होतं.

मी हात पुढे केले. बंदूक मला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती, आणि कोमट.

आबांनी एकेक पाय मातीतून उपटला. उभे राहून धोतर झटकलं. "चावी दी."

"तुम्हाला गाडी कुठे येते, आबा?"

"ही बाई सांगतली."

पेडणेकरबाईंनी मान डोलावली. मी चावी दिली. "डावीकडची शेगडी पेटत नाही, उजवीकडची लावा. चहापूड वरच्या फळीवर आहे."

"माका चाय करूक येता."

"कुणी विचारलं, कोण तुम्ही, तर?"

"सांगतंय, कुंदाचो बापूस."

हे म्हणताना ते इतके खूश दिसले की कधी परत याल ते मला विचारता आलं नाही. पेडणेकरबाईंच्या यंत्रातून चिठ्ठी निघाली. ती त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्यावर माझं माहेरचं नाव होतं आणि खाली छापलं होतं: जागा सोडू नये.

"नियम आहे, काकू," त्या म्हणाल्या आणि आबांच्या मागून बाहेर पडल्या.

"जावन येतंय," आबांचा आवाज आला. मग डिकीचं झाकण खाली आलं. सकाळ तशीच राहिली. बाहेर पेडणेकरबाईंनी शिट्टी मारली. मागच्या गाड्यांना बाजूला व्हायला सांगत होत्या, ही गाडी कोल्हापूरकडे वळणार म्हणून. इंजिन सुरू झालं. मी मांगराच्या पायरीवर बसले आणि गाडी वळली तशी उरलेली सगळी काजूची झाडं मोहोरासकट एकदम डावीकडे झुकली.